शेवटपर्यंत कानांवर राहील असं काहीतरी: घरच्या सुतारकामासाठी प्लग आणि इअरमफ निवडताना

सप्टेंबर २०२४ मध्ये हातात घेतलेलं एक काम फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्गी लागलं. घरच्या वर्कशॉपमध्ये यंत्रांच्या आवाजापासून वाचायला कानांत प्लग घालायचे की कानांवर बसणाऱ्या वाट्यांचे इअरमफ, एवढंच ते काम. हार्डवेअरच्या दुकानात गॉगल आणि मास्कबद्दल न विचारता सल्ला मिळतो. कानांचं विचारलं की "पाच-दहा मिनिटांच्या कामाला काय लागतंय ताई" असं उत्तर येतं. मला या सगळ्यात बराच वेळ आणि पैसा घालवावा लागला. तुमचा थोडा वाचावा म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहून ठेवते आहे.

आमचं तळेगाव दाभाड्याला रो-हाऊस आहे. गॅरेजमध्ये गाडी न ठेवता मी दहा बाय बाराची सुतारकामाची जागा केली. वर पत्रे आहेत, तीन बाजूंना भिंती. बँकेची नोकरी असल्यामुळे काम फक्त शनिवार-रविवारी. लाकडाच्या कडा कोरणारा छोटा ट्रिमर राउटर, चार इंची ग्राइंडर, ड्रिल, मायटर सॉ म्हणजे लाकूड मापात कापायची करवत, आणि भुसा ओढायला व्हॅक्यूम, एवढी यंत्रं. २१ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे गणपती विसर्जनानंतरच्या शनिवारी, एका पुस्तकांच्या कपाटाच्या कडा मारायला घेतल्या आणि दुपारभर ट्रिमर चालवला. संध्याकाळी कानांना दडे बसल्यासारखं झालं. रात्री डाव्या कानात बारीक शिट्टी वाजत राहिली. सकाळी शिट्टी गेली, पण मनातून ती काही जाईना. घरात माझे सासरे आहेत, ज्यांना आम्ही बाबा म्हणतो. चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला त्यांनी सगळी नोकरी केली. आता दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. त्यांना माणूस बोलतोय हे कळतं, पण 'स', 'श', 'फ' निसटतात आणि वाक्याचा अर्थ हरवतो. पंगतीत चार जण एकदम बोलायला लागले की बाबा ताटाकडे बघत जेवतात. हे रोज बघत असल्यामुळे मी त्या शिट्टीकडे दुर्लक्ष करणार नव्हते.

आधी तपासणी

कानात काहीही घालण्याआधी कान बघून घ्या, असं आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं आणि ते योग्यच होतं. पहिल्यांदा सरकारी रुग्णालयात गेले. केस पेपर काढला, कान-नाक-घसा विभागासमोर थांबले. डॉक्टरांनी कान तपासून उजव्या कानातला मळ काढला आणि ऑडिओमेट्रीसाठी, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख काढायला, चिठ्ठी दिली. ऑडिओमेट्रीची खोली आठवड्यातून ठरावीक वारीच उघडते आणि मिळालेली तारीख थेट नोव्हेंबरची होती. डॉक्टर आणि तिथल्या सिस्टर, दोघीही चांगल्या वागल्या. गर्दीच तेवढी होती. तुम्हाला घाई नसेल तर हा मार्ग नक्की धरा, खर्च नगण्य आहे. मला पुढची खरेदी त्या आलेखावर अवलंबून ठेवायची होती, म्हणून ३० सप्टेंबरला पुण्यात खाजगी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे गेले. फी ६०० रुपये.

तिथे जाण्याआधीच्या दोन गोष्टी. ऑडिओलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक असतो. तो बोर्डावर किंवा लेटरहेडवर दिसतो का ते पाहा. आणि तपासणीच्या आदल्या दिवसापासून यंत्र, डीजे, हेडफोन असं काहीही मोठं ऐकू नका. मोठ्या आवाजानंतर ऐकणं तात्पुरतं कमी होतं आणि काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी सावरतं. त्या मधल्या वेळेत तपासलं तर आलेख खोटा येतो.

तपासणी अगदी सोपी आहे. एका बंद केबिनमध्ये बसवतात, हेडफोन लावतात, हातात बटण देतात. अगदी पुसट 'टूंऽऽ' जरी ऐकू आलं तरी बटण दाबायचं. २५० हर्ट्झच्या जाड सुरापासून ८००० हर्ट्झच्या बारीक सुरापर्यंत, आधी एक कान, मग दुसरा. उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्याचे निळे फुलीचे खुणांक कागदावर उतरतात. कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज किती डेसिबलचा, हा तो आकडा; तो जितका मोठा, तितकं ऐकणं कमी आणि कागदावर खूण तितकी खाली. माझे सगळे आकडे १५ ते २० डेसिबलच्या आसपास होते. फक्त डाव्या कानाची फुली ४००० हर्ट्झवर ३० पर्यंत खाली उतरली होती आणि ८००० ला परत वर आली होती.

ऑडिओलॉजिस्ट बाईंनी त्या खळग्यावर पेन ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ढोल-ताशा पथकात वाजवता का?" पुण्यात हा प्रश्न आधी येणार हे ओघानेच आलं. नाही म्हटल्यावर कामाबद्दल विचारलं. ४००० हर्ट्झच्या आसपासचा असा खळगा मोठ्या आवाजाच्या माराची ओळखीची खूण आहे, पण एकाच आलेखावरून कारण छातीठोकपणे सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. कानाच्या आतल्या शंखातल्या केसपेशी एकदा गेल्या की माणसात परत उगवत नाहीत. गेलेलं भरून येणार नाही, आहे ते राखता येईल. घरी येताना लोकलमध्ये मी तो कागद पुनःपुन्हा उघडून पाहत होते. भीती वाटली, हे मोकळेपणाने सांगते. पण आकडा हातात आल्यामुळे पुढे काय करायचं तेही दिसायला लागलं.

आवाज मोजला

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मुलीच्या आयफोनवर नायॉश या, कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेचं साउंड लेव्हल मीटर हे ॲप घेतलं. फुकट आहे, पण आयफोनवरच चालतं. फोनचा माइक म्हणजे प्रयोगशाळेतलं यंत्र नव्हे, दोन-चार डेसिबलचा फरक धरून चालायचं. मुलीने फोन माझ्या कानाजवळ धरला (तिच्या कानांत तोवर फोमचे प्लग होते, केमिस्टकडून आणलेले) आणि मी एकेक यंत्र सुरू केलं. व्हॅक्यूम ८४, ड्रिल ८८, ट्रिमर ९७, ग्राइंडर ९९, मायटर सॉ सागवान कापताना १०३. पत्र्याखाली आवाज घुमतो, त्यामुळे हेच यंत्र अंगणात नेलं की आकडा थोडा उतरायचा.

या आकड्यांचा अर्थ असा. नायॉशच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल दिवसाला आठ तास चालतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० ची मर्यादा आहे, आणि आवाजाने आलेला बहिरेपणा हा कायद्याने नोंद करण्याचा आजार आहे. घरच्या वर्कशॉपला यातलं काहीच लागू नाही. तिथे निरीक्षक येत नाही. मी ८५ चाच हिशेब धरला. म्हणजे कडा मारायच्या त्या शनिवारी माझ्या ट्रिमरचा दिवसाचा कोटा अर्ध्या तासातच संपला होता.

यावरून मला किती संरक्षण लागतं तेही निघालं. शंभराच्या आसपासचा आवाज ऐंशीच्या खाली आणायचा, म्हणजे खरोखरचे २० डेसिबल कमी करायचे. त्याहून खूप जास्त नको. युरोपातल्या मार्गदर्शनाप्रमाणे कानाशी ७५ ते ८० च्या आसपास आवाज राहावा. ७० च्या खाली गेला की माणूस आजूबाजूपासून तुटतो. मोटरवर ताण आला की आवाज बदलतो, पाते अडकायच्या आधी एक घरघर येते. ती ऐकू यायलाच हवी. दुकानात मात्र "मॅडम, सगळ्यात मोठ्या नंबरचं घ्या" असंच सांगतात.

बाबांनी सांगितलेलं

एका रात्री जेवताना बाबांना विचारलं, कंपनीत तुम्हाला प्लग देत नव्हते का? श्रवणयंत्र नीट बसवत ते म्हणाले, "द्यायचे की. घालायचो पण. फोरमन काही बोलला की काढायचो, कान खाजला की काढायचो, चहाला काढायचो ते तसेच खिशात राहायचे." मी याच प्रश्नावर थोडं वाचलं आणि वहीत हिशेब मांडला. तो हिशेब मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

समजा तुमच्या प्लगने आवाज ३० डेसिबलने कमी होतो. तासभराच्या कामात तो सहा मिनिटं काढून ठेवला, तर त्या तासाचं एकूण संरक्षण जेमतेम १० डेसिबल उरतं. एकच मिनिट काढला तरी ते साडेसतराच्या आसपास येतं. कारण उघड्या कानावर पडणारी ऊर्जा हजारपट असते. ते एक मिनिट बाकीच्या एकोणसाठ मिनिटांना खाऊन टाकतं. उलट २० डेसिबलचाच प्लग, पण तासभर कानातून हलला नाही, तर पूर्ण २० मिळतात. म्हणून पाकिटावरच्या आकड्यापेक्षा 'हे मला तासभर काढावंसं वाटणार नाही ना?' हा प्रश्न मोठा. आराम ही चैन नाही, संरक्षण त्याच्यावरच उभं आहे. इथून पुढे मी प्रत्येक वस्तू याच एका प्रश्नावर पारखली.

बोहरी आळी

ऑक्टोबरच्या मध्यावर रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. हार्डवेअर आणि हत्यारांची ही जुनी बाजारपेठ. सेफ्टीचं सामान ठेवणारी दुकानंही तिथे आहेत. रविवारी बरीचशी बंद असतात, म्हणून शनिवारी सकाळी लवकर जावं. दहानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.

२५० रुपयांचे इअरमफ ढिगाने दिसले. बहुतेकांवर कसलाच आकडा नसतो. खोक्यावर एनआरआर किंवा एसएनआर, म्हणजे आवाज किती डेसिबलने कमी होतो तो आकडा, लिहिलेला हवा, आणि ईएन ३५२ सारख्या मानकाचा उल्लेख हवा. एनआरआर ही अमेरिकी पद्धत, एसएनआर युरोपीय. एकाच वस्तूचे दोन आकडे वेगळे येतात, त्यामुळे एकाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर अशी तुलना करू नका. आणि दोन्ही आकडे प्रयोगशाळेतले, नीट बसवून काढलेले असतात. घरी तेवढं मिळत नाही. नायॉश इअरमफच्या आकड्यातून पाव भाग आणि फोमच्या प्लगमधून निम्मा वजा करायला सांगते. २९ लिहिलेल्या फोमच्या प्लगकडून मी साधारण १४-१५ चीच अपेक्षा धरली.

एका दुकानदारकाकांनी आरसा काढून दिला आणि चार प्रकारचे इअरमफ घालून पाहू दिले. हे फार उपयोगाचं ठरलं. बायकांनी इथे तीन गोष्टी तपासाव्यात. कानातले: साधे टॉप्ससुद्धा इअरमफच्या गादीखाली दाबले जाऊन पंधरा मिनिटांत कानाची पाळी दुखायला लागते, आणि फटही राहते. मी आता वर्कशॉपच्या दारात एक छोटी डबी ठेवली आहे, आत जाताना टॉप्स त्यात. अंबाडा: तो उंच असेल तर वरची पट्टी मागे सरकते, म्हणून मानेवर खाली बांधायचा. चष्मा: काडी जाड असेल तर गादी आणि डोकं यांत फट पडते आणि संरक्षणातले काही डेसिबल तिथूनच गळतात. मी जुन्या चष्म्याचा नंबर तसाच ठेवून, पातळ धातूच्या सपाट काड्यांचा एक चष्मा खास कामासाठी करून घेतला. ९०० रुपये लागले. याच्याशिवाय कुठलाच इअरमफ मला नीट बसत नव्हता.

त्या दिवशी घेतलेलं: फोमच्या प्लगच्या दहा जोड्या २०० रुपये, दोरीवाले तीन छत्र्यांचे (एकामागे एक छत्रीसारख्या तीन कडा असलेले) रबरी प्लग डबीसकट ८० रुपये, आणि एक मध्यम इअरमफ ६५० रुपये. बिल जीएसटीसकट मागून घेतलं.

फोम, रबर आणि पट्टी

फोमचा प्लग बहुतेक जण नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवतात. तसा तो काहीच करत नाही. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी मला दाखवलं ते असं. हात धुऊन, प्लग अंगठा आणि बोटांमध्ये घेऊन वातीसारखा बारीक वळायचा, सुरकुती पडू द्यायची नाही. डाव्या कानासाठी उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि कानाची वरची कड वर आणि किंचित मागे ओढायची. याने कानाची वाकडी नळी सरळ होते. मग डाव्या हाताने प्लग आत सरकवायचा आणि बोटाच्या टोकाने वीस-तीस सेकंद तसाच धरायचा. आत तो फुगत जातो, बाहेरचा आवाज हळूहळू मागे सरतो आणि आपला श्वास मोठा ऐकू यायला लागतो. बरोबर बसला असेल तर समोरून आरशात प्लग जवळजवळ दिसत नाही. आणखी एक चाचणी: व्हॅक्यूम सुरू ठेवून दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा. आवाजात खूप फरक पडला तर प्लग नीट बसलेला नाही.

फोम मऊ आहे, स्वस्त आहे. पण माझ्या कानाच्या नळ्या अरुंद आहेत. नेहमीच्या मापाचा फोम आत फुगून चाळीसेक मिनिटांत ठणका लागायचा. लहान मापाचे प्लग मिळतात, ते मागवल्यावर बरंच बरं वाटलं. खरी अडचण वेगळी होती. सुतारकामात दर काही मिनिटांनी यंत्र बंद होतं, माप घ्यावं लागतं, कुणाशी बोलावं लागतं. हाताला फेविकॉल आणि एमडीएफचा भुसा. त्याच बोटांनी प्लग वळून कानात घालायचा हे मला पटेना. फोम मी एकसलग पॉलिशपेपर मशीन चालवायच्या दिवसांसाठी ठेवला, वापर एकदाच, मग कचऱ्यात.

तीन छत्र्यांचे रबरी प्लग वळावे लागत नाहीत, साबणाच्या पाण्याने धुता येतात, दोरीमुळे गळ्यात राहतात. माझ्या बाबतीत अर्ध्या तासानंतर आतून खाज सुटायची. माझ्या भाच्याला मात्र हेच सगळ्यात आवडतात. तो नाशिकला घरी लोखंडकाम करतो आणि दुसरं काही घालत नाही. कान ज्याचा त्याचा. पट्टीवाले प्लगही मागवले, ३५० रुपये. हनुवटीखाली पट्टी राहते, काम झालं की गळ्यात सोडायचे. दोन-चार काप मारायला झकास. संरक्षण यात कमी असतं, आणि पट्टी कॉलरला घासली की ती खरखर थेट कानात येते.

मुलीने तिचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पुढे केले होते. ते घेतले नाहीत. ते विमानाच्या घरघरीसारखा खालच्या सुरातला सलग आवाज चांगला घालवतात, ट्रिमरचा किंचाळता वरचा सूर तेवढा नाही, आणि त्यांच्यावर एनआरआर किंवा एसएनआरचा आकडाच नसतो. कापसाचा बोळाही तसाच, आधार नुसता मनाला.

इअरमफ

बोहरी आळीतला ६५० चा इअरमफ आवाज छान अडवत होता, पण तो डोक्याला इतका आवळायचा की कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकायच्या. ऑक्टोबर हीट, वर पत्रे, गादीखाली घामाच्या धारा. पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर ताणून ठेवल्यावर पकड थोडी सैल झाली, पण फार सैल केली तर संरक्षणही जातं, म्हणून तो नाद सोडला. नंतर एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जास्त आकड्याचा, जड इअरमफ मागवला. मान अवघडली. परत करायला गेले तर 'स्वच्छतेशी संबंधित वस्तू' म्हणून विनंती आपोआप नाकारली गेली. ग्राहक सेवेला ईमेल, खोक्याचे आणि सीलचे फोटो, परत ईमेल, असं करत पैसे दोन आठवड्यांनी आले. कानांच्या वस्तू ऑनलाइन घेताना 'परत घेतात का, की फक्त बदलून देतात' हे आधी वाचा, आणि खोकं उघडताना व्हिडिओ करून ठेवा.

नोव्हेंबरात शेवटी थ्रीएम पेल्टरचा एक्स४ए घेतला, सुमारे तीन हजारांना. वजन २३४ ग्रॅम, एनआरआर २७ (याच वस्तूचा एसएनआर ३३ आहे, वर म्हटलेला फरक तो हाच). वाट्या पातळ असल्यामुळे ओणवं होऊन कडा बघताना त्या खांद्याला किंवा लाकडाला लागत नाहीत. वरची पट्टी दोन तारांची आणि मधून मोकळी, त्यामुळे डोकं तापत नाही. पातळ काड्यांच्या चष्म्यावर तासभर घातला आणि काढावासा वाटला नाही. महाग आहे, हे मान्य. पण मापं घेत, थांबत, बोलत चालणाऱ्या कामाला प्लगपेक्षा इअरमफ सोयीचा. एका हाताने चढतो, एका हाताने उतरतो आणि भुशाची बोटं कानात जात नाहीत.

कानाच्या मापाचे प्लग

एप्रिल-मेच्या उन्हाचा विचार मनात होताच, त्यामुळे मापाने बनवलेले प्लगही करायचं ठरवलं. दिवाळीनंतर, ११ नोव्हेंबरला त्याच ऑडिओलॉजिस्टकडे कानांचे ठसे दिले. आधी दुर्बिणीने कान पाहिला. मग दोरा बांधलेला स्पंजचा बारीक तुकडा नळीत आत सरकवला, म्हणजे ठशाचा मसाला कानाच्या पडद्यापर्यंत जाऊ नये. त्यानंतर पिचकारीतून गुलाबी सिलिकॉन भरलं. थंडगार लागतं, आणि कान भरत जातो तसं त्या बाजूचं जगच बंद होतं. पाच मिनिटांत ते घट्ट होतं. त्या वेळात त्यांनी मला तोंड उघड-मीट करायला, जबडा हलवायला सांगितलं. बाहेर निघालेल्या ठशावर माझ्या कानाच्या नळीची दोन वळणं स्पष्ट दिसत होती. डावी उजवीपेक्षा जास्त वाकडी. फोम त्याच कानाला का दुखवायचा ते तिथे कळलं.

जोडीचे ३२०० रुपये, निम्मे आगाऊ. प्रयोगशाळेत दिवाळीच्या सुट्टीतलं काम साचल्यामुळे सांगितलेल्या दोन आठवड्यांचे तीन-साडेतीन झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्लग आले, पण बोलताना डावा सैल पडायचा. जबडा हलला की फट. नवा ठसा घेऊन तो पुन्हा करून दिला, पैसे न घेता. ठसे देण्याआधीच पावतीवर 'बसला नाही तर इतक्या दिवसांत विनामूल्य दुरुस्ती' असं लिहून घ्या. मी घेतलं होतं, त्यामुळे वाद झाला नाही. आणि आवाज गाळण्याचा आकडा किती हेही लेखी मागा. संगीतकारांसाठीचे, पोहण्याचे आणि यंत्रासाठीचे प्लग दिसायला सारखेच असतात.

डिसेंबरअखेर नवा डावा प्लग मिळाला. तो फिरवत आत बसवला आणि ट्रिमर सुरू केला. आवाज होता, पण दूरचा. दुपारभर काम केलं, रात्री शिट्टी नव्हती. मला फार हलकं वाटलं. फक्त आपलाच आवाज डोक्यात घुमतो, त्याची सवय व्हायला थोडे दिवस लागतात. कान वाहत असेल, दुखत असेल तर कुठलाच प्लग घालू नये, इअरमफच घ्यावा, ही सूचना बाईंनी दोनदा केली.

आता ओणवं, थांबत-थांबत काम असेल तर इअरमफ, लांबलचक काम किंवा ऊन असेल तर मापाचे प्लग. मायटर सॉवर दोन्ही एकदम. मात्र दोघांचे आकडे बेरीज करू नका. मोठ्या आकड्यात साधारण ५ डेसिबलची भर पडते, तेवढीच.

आवाज मुळातच कमी करण्याचं कामही मधल्या काळात झालं. व्हॅक्यूम भिंतीपलीकडे मोरीत नेऊन पाइप आत घेतला. मायटर सॉचं पातं धार लावून आणलं, बोथट पातं जास्त ओरडतं. टेबलाखाली रबराची जाड चटई घातली आणि लाकूड क्लॅम्पने घट्ट आवळायची सवय लावली, कारण थरथरणारी फळी यंत्राइतकीच गोंगाट करते. कडांवरचा शेवटचा हात आता रंध्याने मारते. शेजाऱ्यांसाठी वेळही ठरवून घेतली, सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी चार ते सात.

कान बंद असताना घरात कुणी हाक मारली तर कळणार कसं, हा प्रश्न बाबांमुळे जास्त महत्त्वाचा होता. इलेक्ट्रिशियनकडून स्वयंपाकघरातल्या बटणावर चालणारा एक लाल दिवा माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर बसवून घेतला, मजुरीसकट ४५० रुपये. आता दारातून कुणी खांद्यावर हात ठेवत नाही. चालत्या यंत्रावर दचकणं धोक्याचं असतं. बाबांना चहा हवा असेल तरी दिवा लागतो, आणि मी यंत्र बंद करून मगच इअरमफ उतरवते. यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय कान उघडायचा नाही, हा नियम मुलीलाही लावला आहे. ती मदतीला आली की तिचा वेगळा इअरमफ, माझा नाही. डोक्याचं माप वेगळं, घाम वेगळा.

१७ फेब्रुवारी २०२५ ला, त्याच केंद्रात आणि त्याच मशिनवर पुन्हा ऑडिओमेट्री केली. मशिन तेच असलं की तुलना सरळ होते. डाव्या कानाची फुली ४००० ला ३० वरच आहे, खाली गेलेली नाही. बाकी सगळं जागच्या जागी. दोन्ही आलेख, पावत्या आणि प्लगच्या दुरुस्तीची चिठ्ठी एका फाइलमध्ये लावली आहे.

सगळं धरून खर्च दहा हजारांच्या आसपास गेला, त्यात दोन तपासण्या, चष्मा आणि दिवाही आला. यातलं सगळं सगळ्यांना लागणार नाही. आठवड्याला तासभर ड्रिल-कटर चालवणाऱ्याला आधी तपासणी आणि मग आकडा लिहिलेला, डोक्यावर घालून पाहून घेतलेला इअरमफ, एवढ्यावर भागेल. इअरमफच्या गाद्या घामाने कडक होतात आणि फटी पडतात; साधारण सहा महिन्यांनी गाद्यांचा सुटा संच घालायचा, म्हणजे माझा मे २०२५ मध्ये. घेतानाच तो संच मिळतो का हे दुकानदाराला विचारा, काही इअरमफना मिळतच नाही. पुढची ऑडिओमेट्री वर्षभराने, फेब्रुवारी २०२६ मध्ये ठरवली होती.